टाकीचा हिवताप

मु. खैरी, तालुका साकोली
१२ नोव्हेंबर १९६१

लोखंड बनवाच्या कारखान्यात माहा नातू लोखंड मोडते, अन् त्याचा त्याले पगार भेटते, हे मले विहिरीवर राधाबाईच्या तोंडून कळावं? तुहा लहानूकाका धान कापाले आला होता, त्यानं भर वावरात सांगून टाकलं का तेजराम दिवसभर हातोड्यानं लोखंडाचे तुकडे पाडते. झालं. आता राधाबाई पाण्याचा गुंड उचलता उचलता विचारते, "पंचफुलाबाई, नातवानं आज किती मोडलं?" मी म्हणलं, तुह्या नवऱ्यानं घरातली भांडी फोडली त्याच्यापेक्षा कमीच. तिचं तोंड बंद झालं, पण माहं डोकं चालू राहिलं.

तेजरामले पंचफुला आजीचा जय भीम. शालूले अन् लेकरांले आशीर्वाद.

हे पत्र मी स्वतः लिहून राहिली. बेबीताईच्या वर्गातलं दुसरं पुस्तक संपलं. पहिले कवडू मास्तराकडून लिहून घेत होती, तर मी सांगो एक अन् तो लिहे "प्राणप्रिय नातवास". माह्या प्राणाचं मले ठाऊक आहे, ते तुले कशाले कळवाचं? जोडाक्षर चुकलं तर हसू नको. बासष्टाव्या वर्षी तू शिकून दाखव, मंग हास.

आता कामाचं. भय्याजी ठेकेदार तिकडे मरोद्याजवळ बरफाचा कारखाना टाकून राहिला. त्यानं लहानूले टाकीच्या झडपेची चावी फिरवाले ठेवतो म्हणून शब्द दिला. टाकी उभी राहिली का दुसऱ्या दिवशी काम. पण टाकीच्या मंजुरीचा कागद तुह्या तपासणीच्या शॉपातून निघाले पाह्यजे म्हणे. मंग तो कागद अडून कावून राहिला? तुहा काका अडतीस वर्षाचा बाप्या, पुतण्याच्या क्वार्टरात बसून खाते. अठी मैनाबाई त्याच्या दोन पोरी घेऊन दुसऱ्याच्या वावरात कापणीले जाते. लहानूच्या हातात आजवर लोकांनी विळा देल्ला, टोपलं देल्लं. चावी पहिल्यांदा कोणी देऊन राहिलं. ती हातची जाऊ देऊ नको.

अन् लोखंड मोडता कावून, ते बी लिही. राधाबाईले पुरून उरन असं लिही.

पंचफुला

---

सेक्टर ६, भिलाई
२१ नोव्हेंबर १९६१

आजीले तेजरामचा जय भीम.

तुह्या हातचं पत्र आलं. शालूनं मले दोनदा वाचाले लावलं. लेकरं आता हिंदीतच बोलतेत, पण "गुंड" म्हणजे काय ते विचारून राहिले होते.

लोखंड कावून मोडतो ते सांगतो. माठ घेतांना तू बोटानं वाजवून पाहतं का नाही? तसंच. लोखंडाच्या जाड पत्रीतून, म्हणजे पत्र्यातून, बोटाएवढा तुकडा कापतो. त्याच्या मधोमध बारीक खाच पाडतो, कावून का खऱ्या सामानाले कुठं ना कुठं ओरखडा, खाच राहतेच. मंग झोक्यासारखा एक वजनदार हातोडा उंचावरून सोडतो. तो तुकडा तोडून पलीकडे जाते. लोखंड चिवट असन तर हातोड्याचा जोर त्याच्यातच जाते अन् तो पलीकडे थोडासाच चढते. लोखंड ठिसूळ असन तर हातोडा पलीकडे उंच जाते. बाजूच्या काट्यावर सगळं समजते.

कधी कधी तुकडा मोडाच्या पहिले आम्ही त्याले बरफापेक्षाही थंड करतो. थंडीत लोखंडाचा स्वभाव बदलते. उन्हात जे वाकते, तेच थंडीत काचेवानी फुटते. पण ही थंडीची परीक्षा सगळ्याच पत्रीले लागत नाही. आमच्या शॉपाच्या सुब्बाराव साहेबानं मले तीन गोष्टी शिकवल्या आहेत. लोखंड कोणत्या जातीचं, पत्री किती जाड, अन् टाकी दाबाखाली असतांना तिले जास्तीत जास्त किती थंडी लागन. पत्री पातळ, थंडी कमी, तर परीक्षा माफ. पत्री जाड, थंडी जास्त, तर परीक्षा करूनच शिक्का.

भय्याजीची टाकी बाहेरच बनते, पण प्लांटच्या जागेत उभी राहाची आहे, म्हणून शिक्का आमच्या शॉपचा. पत्री चांगली इंचभर जाड आहे. पण टाकी उघड्यावर राहणार, अन् भिलाईची सगळ्यात थंड सकाळ म्हणजे आठ डिग्री. भय्याजीनं फॉर्मात तेच लिहिलं आहे. आठ डिग्रीले परीक्षा माफ. कागद अडला नव्हता, लाइनीत होता. येत्या चार तारखेले मी रजिस्टरमधे "गरज नाही" लिहून साहेबापुढे ठेवतो. जानेवारीत काकाच्या हातात चावी.

तुहा तेजराम

---

मु. खैरी
२७ नोव्हेंबर १९६१

तुही पायरी मोठी आहे का लहान मले समजत नाही, पण काम समजलं. राधाबाईले सांगितलं का माहा नातू लोखंडाची परीक्षा घेते, अन् नापास झालं तर मोठे मोठे ठेकेदार त्याच्यापुढे हात जोडतेत. हात जोडतेत हे माह्या मनचं. खोटं असन तर तू खरं कर.

तुले जय भीम. कागद काढून राहिला त्याचे उपकार मी ठेवून घेतले. मैनाबाईले सांगितलं, तर ती उखळाजवळ जाऊन बसली अन् कांडलेलंच धान पुन्हा कांडत राहिली.

एक गोष्ट मले उमजली नाही. तू लिहिलं का टाकीले किती थंडी लागन ते पाहाचं, अन् थंडी मोजली तुमी भिलाईच्या सकाळची. बाबा, थंडी काय हवेतूनच लागते? लहानू दहा वर्षाचा होता तेव्हाचं सांगते. भर वैशाख. बाहेर कुत्रे जीभ काढून पडले होते. अन् याले थंडी वाजून आली. मी तीन वाकळा टाकल्या, त्याच्यावर मी स्वतः पडली. माह्या आंगातून घामाच्या धारा, अन् त्याचे दात वाजून राहिले. हिवताप होता. त्याची थंडी त्याच्या आतून येत होती. त्या दिवशी जर कोणी माह्या आंगणातली हवा मोजली असती, तर म्हणलं असतं, या पोराले वाकळीची गरज नाही.

तर तुह्या साहेबाले इचार का टाकीले हिवताप येते का. बरफाच्या कारखान्यातली टाकी आहे, तिच्या पोटात काय भरतेत ते मले काय माईत. नसन येत तर राहू दे. मी येडी बुढी. तू सही कर.

शालूसाठी जवसाची चटणी भिलाईले येणाऱ्या आपल्या गावच्या चिंधूच्या हातून धाडली आहे. डबा परत पाह्यजे.

पंचफुला

---

सेक्टर ६, भिलाई
१६ डिसेंबर १९६१

आजीले जय भीम.

हे पत्र लिहाले मले बारा दिवस लागले. पूर्ण वाच, मंग जे बोलाचं ते बोल.

चार तारखेले तुहं पत्र माह्या खिशात होतं. रजिस्टर साहेबापुढे ठेवलं अन् गंमत म्हणून तुहा हिवताप वाचून दाखवला. मी हासलो. टिकाराम फिटर हासला. साहेब नाही हासले. त्यांनी चष्मा काढला अन् विचारलं, "टाकी में क्या भरता है?" मी म्हणलं, अमोनिया. दाबून दाबून पाणी केलेला गॅस, त्याच्यानंच बरफ जमते. साहेब म्हणे, "तेजराम, दादी ठीक पूछता है. टाकी का ठंडी भीतर से आता है."

आजी, मले माहीच लाज वाटली. थंडीच्या परीक्षेसाठी सुका बरफ मी रोज माह्या हातानं काढतो. सिलिंडर उन्हात तापलेलं राहते. त्याचं तोंड उघडून गॅस पिशवीत सोडला का पिशवीत पांढरा बरफ जमते. गॅस सुटला का आपली गरमी खाते, थंड होते, हे रोज पाहून राहिलो. अन् टाकीसाठी मी भिलाईची सकाळ मोजली.

साहेबानं समजावलं. झडप खराब झाली अन् अमोनिया भसकन सुटला, तर टाकी शून्याच्या खाली तेहेतीस डिग्रीपर्यंत जाऊ शकते, मंग बाहेर मे महिना का असेना. अन् अशा गार पडलेल्या टाकीत कोणी घाईनं पुन्हा दाब भरला तर? तिथं ज्याच्या हातात चावी असन, तो टाकीपासून चार हातावर उभा असन. आजी, ती चावी लहानूकाकाच्या हातात राहणार होती.

भय्याजीच्या पत्रीतून सहा तुकडे कापले. तीन शॉपातल्या हवेतच मोडले. चांगले चिवट निघाले, हातोडा पलीकडे थोडासाच चढला, अन् मोडलेलं तोंड ओल्या लाकडावानी रेशारेशाचं. दुसरे तीन स्पिरिट अन् सुक्या बरफाच्या भांड्यात ठेवले, उणे तेहेतीस केले. चिमट्यानं काढून पाच मोजाच्या आत हातोडा सोडा लागते, नाही तर हवेनं गरम होतेत. पहिला तुकडा असा गेला का आवाजही धड झाला नाही. हातोडा पलीकडे चढतच गेला. मोडलेलं तोंड साखरेवानी चमकून राहिलं होतं. तिन्हीची तीच गत.

साहेबानं लिहिलं का ही पत्री या टाकीले चालणार नाही. पाण्याची टाकी करा. भय्याजीनं दुसऱ्या जातीची पत्री मागवली आहे, ती कधी येईन कोणी सांगत नाही. त्यानं काकाले सांगितलं, तुह्याच पुतण्यानं कागद फाडला, आता त्यालेच काम माग.

काकानं पेटी उचलली अन् मरोद्याले त्यांच्या ओळखीच्या देवाजीच्या खोलीवर गेले. जातांना मले म्हणे, "तुले माहं चांगलं पाहावलं नाही."

तुले राग येईन. येऊ दे. पण उत्तर दे.

तेजराम

---

सेक्टर ६, भिलाई
१८ जानेवारी १९६२

आजीले जय भीम. या पहिले दोन कार्डं टाकली. पोहोचली का? चिंधू म्हणे तुही तब्येत बरी आहे अन् तू वर्गात बी जातं. मंग उत्तर कावून नाही? डबा परत धाडला, त्याच्यात शालूनं गूळ ठेवला आहे. काका मरोद्याले गिट्टी फोडाच्या कामावर आहेत. दोनदा गेलो. एकदा भेटले नाही, एकदा भेटून बोलले नाही.

तेजराम

---

मु. खैरी
९ फेब्रुवारी १९६२

राग आला का माहं अक्षर उतरणीले लागते, अन् उतरतं अक्षर मी कोणाले धाडत नाही. म्हणून उत्तर देल्लं नाही. आज ओळ सरळ आली, तर लिहून राहिली.

तुले जय भीम.

तुह्या पत्राचा राग मले दीड महिना होता. खोटं कशाले बोलू? मैनाबाईनं तुले शिव्या देल्ल्या अन् मी तिले थांबवलं नाही. ती म्हणे, पुतण्यानं घात केला. मी शेगडी फुंकत बसली. मंग एक दिवस वर्गात बेबीताईनं फळ्यावर "लहान" लिहिलं अन् म्हणलं वाचा. मी "लहानू" वाचलं. बायका हासल्या. मले तो चार हातावर उभा दिसला. चावी घेऊन.

बरं केलं. इतकंच लिहिते. जास्त लिहिलं तर अक्षर उतरन.

एक सांग. लहानूले तू सांगितलं का, का हिवतापाची गोष्ट कोणी काढली होती?

पंचफुला

---

सेक्टर ६, भिलाई
१७ फेब्रुवारी १९६२

आजीले जय भीम. नाही सांगितलं. काकाले एकाचा राग पुरे आहे, अन् मी भिलाईत आहे, मले तो सहन होते. तू खैरीत मैनाकाकूसंगं एका चुलीवर आहे. राहू दे.

नवीन पत्री आली. तिचे तुकडे उणे तेहेतीसले मोडले. हातोडा पलीकडे बिचकत थोडासाच चढला. साहेब पहिल्यांदा हासले.

तेजराम

---

सेक्टर ६, भिलाई
२६ मे १९६२

आजीले जय भीम.

काका कामावर लागले हे चिंधूनं सांगितलंच असन. एप्रिलात टाकी उभी राहिली. भय्याजीले आपला शब्द आठवला का दुसरा कोणी भेटला नाही, देव जाणे म्हणाची सवय गेली म्हणून म्हणत नाही, पण चावी काकाच्याच हातात आली.

मंगळवारी काकाचे डोळे लाल झाले. दुपारी अडीच वाजता टाकीच्या झडपेची पॅकिंग उडाली. अमोनिया सुटला. उष्णतामान शेहेचाळीस होतं, रस्त्याचं डांबर पायाले चिकटून राहिलं होतं, अन् त्या उन्हात टाकी पांढरी झाली. तिच्यावर बरफाची साय चढली. बाकीचे पळाले. काकानं दुपट्टा पाण्यात भिजवून तोंडाले बांधला, अन् अडवणारी दुसरी झडप आंधळ्यावानी चाचपून बंद केली. गॅस थांबला. मंग खरी गोष्ट झाली. पंपावरच्या माणसाले वाटलं, झालं, आता काम चालू. त्यानं कोणाले न इचारता पंप सुरू केला. टाकी अजून पांढरीच होती, अन् तिच्यात पुन्हा दाब भरला. काका तिच्याजवळच उभे. काट्यावर दाब वर वर गेला. काकानं ओरडून पंप बंद करवला, पण तोपर्यंत दाब पूर्ण चढला होता. टाकीनं हूं का चूं केलं नाही. तशीच्या तशी उभी.

मले सांज झाल्यावर कळलं. साहेब स्वतः जाऊन पाहून आले. येऊन माह्या टेबलापाशी उभे राहिले अन् म्हणे, "पुराना प्लेट होता तो आज हम लोग लहानू को नहीं, उसका चप्पल ढूंढता." काकाच्या जीवाले धोका नाही. डोळे धुतले, दोन दिवसात दिसाले लागलं, कामावर जाऊन राहिले.

काल काका क्वार्टरवर आले. आत या म्हणलं, आले नाही. दारातूनच इचारलं, "ते जुने तुकडे आहेत का?" मी शॉपातून आणून ठेवले होते, देल्ले. थंडीत मोडलेला अर्धा तुकडा त्यांनी हातात घेतला, उन्हात फिरवून पाहिला. ते तोंड अजून साखरेवानी चमकते. तो तुकडा खिशात टाकला अन् गेले. 

तेजराम

---

मु. खैरी
३ जून १९६२

डोळे लाल झाले हे तू वरच लिहिलं, अन् जीवाले धोका नाही हे पार खाली! मधल्या ओळी मी कशी वाचली असन? तुमी पत्र घटकाभरात वाचता, मी अक्षराले अक्षर लावत जाते. "अमोनिया सुटला" इथं मले विहिरीवर जाऊन तोंड धुवा लागलं. राधाबाई मागून धावत आली अन् पहिल्यांदा काही इचारलं नाही. पुढच्या वेळी पहिली ओळ "काका बरे आहेत" अशी लिही, मंग पाह्यजे तितकी टाकी पांढरी कर.

तेजराम, तुले जय भीम. शालूले, लेकरांले आशीर्वाद.

चिंधूसंगं दोन पायल्या तांदूळ धाडले. एक तुमाले, एक साहेबाले. साहेबाले सांग, बुढीच्या गोष्टीवर जो माणूस हासला नाही, त्याच्यासाठी हे जुन्या धानाचे आहेत, भात मोकळा होते. टिकाराम फिटर हासला होता, त्याले देऊ नको. बरं, मूठभर दे. अन् त्या हातोड्याच्या खुंटीले माह्या नावानं तेल लाव. माणसाचे उपकार फेडता येतेत, काही ना काही करून. हातोड्याचे कसे फेडाचे? तेलच लावा लागन.

आता इथून पुढचं लहानूले बोलावून मोठ्यानं वाचून दाखव. तो दारात उभा राहिला तरी चालन, पण पूर्ण आयकल्याशिवाय जाऊ देऊ नको.

लहानू, तुह्या पुतण्यानं कागद फाडला नाही. मी फाडला. तुह्या दहाव्या वर्षी वैशाखात तुले हिवताप आला होता, तीन वाकळा टाकल्या होत्या. ते मी तेजरामले लिहिलं अन् इचारलं का टाकीले असा हिवताप येते का. साहेबानं तेच धरलं अन् पत्रीची परीक्षा घेतली. तुह्या हातची चावी माह्या एका ओळीनं गेली. हे मले डिसेंबरातच ठाऊक होतं. मैनाबाई माह्यापुढे तेजरामले शिव्या देत होती अन् मी शेगडी फुंकत होती. काल तिले सगळं सांगितलं. तिनं पहिले भांडी आदळली, मंग ताटात भाजी जास्त वाढली.

तेजरामनं पाच महिने तुहं बोलणं खाल्लं, पण माहं नाव घेतलं नाही. त्यानं झाकलं ते माह्यासाठी. मी झाकलं ते बी माह्यासाठीच. तर कोणापुढे मान खाली घालाची ते तूच ठरव. मी माही घालून बसली आहे, पण लवकर कर, माही मान दुखते.

त्या हिवतापाचे आभार मानाले मी काही येडी नाही. त्या तापात तुले घेऊन मी दवाखान्याच्या वट्यावर दिवसभर बसली होती, आत कोणी घेतलं नाही. पण आज वाटते का तो दिवस वाया गेला नाही. आईच्या आंगाचा घाम पोराच्या कामी कुठं पडन, सांगता येत नाही. त्या अर्ध्या तुकड्याचं काय करतं ते मले माईत नाही. खिशात ठेव, पण चावीच्या खिशात ठेवू नको, घासन.

अन् दुपट्टा नवा घे. अमोनियाचा वास धुतल्यानं जात नसन.

आता उत्तराचं. तेजरामचं उत्तर मले नको. शालूचं नको. मरोद्याच्या कोण्या शिकलेल्या पोराचं तर मुळीच नको. मी बासष्टाव्या वर्षी शिकली, तुले अडतिसाव्या वर्षी जमन. तेजराम तुहा हात धरून लिहवन तर मी ओळखीन, त्याचं "र" शेपटीवालं राहते. लिहाचं ते इतकंच, "मी बरा आहे". पाच अक्षरं आहेत, मी मोजून पाहिली. महिना लागला तर लागू दे. उत्तर लहानूनंच द्याचं. तेजराम, तू फक्त पाकिटावर पत्ता लिही.

पंचफुला